सातव्या खणातले शब्द

१

माझा धाकटा भाऊ मंगळवारी दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेला, आणि गुरुवारी सकाळी त्याला वेडा ठरवायला संस्थेचे संचालक माझ्या दारात हजर झाले.

दार बाइंडरीचं. खाली बाइंडरी, वर घर. नवरा गेल्यापासून अकरा वर्षं पुस्तकं मीच बांधते. हाताखाली दोन मुलगे आणि एक सून आहे, आणि तिघांनाही अजून छापील तावाचा फर्मा सरळ दुमडता येत नाही. घरात दुखवटा होता, पण आदल्या दिवशी शिजवलेली खळ आंबायला लागली होती. मी पुठ्ठ्यांना खळ लावत होते. हात चालू असले की डोळे गप्प राहतात.

"अक्का, बसा ना जरा," संचालक म्हणाले.

माझ्याच घरात मला बसा म्हणणारा हा पहिलाच माणूस.

"मी उभी बरी आहे. बोला."

"सातवा खण रिकामा सापडलाय."

हातातला ब्रश मी खाली ठेवला.

माझा भाऊ तीस वर्षं त्या संस्थेत एकच काम करत होता. शब्दकोश. युरोपातल्या भाषांमध्ये एका रक्ताचे शब्द वेगवेगळ्या घरी जाऊन कसे बदलले, त्याचा कोश. इंग्रजांकडे टाउन म्हणजे गाव. तोच शब्द जर्मनांच्या घरी त्साउन होऊन कुंपण झाला, आणि डच लोकांकडे त्याची बाग झाली. मूळचा अर्थ कुंपण, कुंपणाच्या आतली जागा. मी चौथीच्या पुढे शाळा पाहिली नाही, पण एवढं मला पाठ आहे, कारण दर रविवारी तो माझ्याकडे जेवायला यायचा आणि घासागणिक एक शब्द सांगायचा. मागच्या हिवाळ्यात म्हणाला, "अक्का, चेक लोकांच्या दुकानात चेर्स्त्वी पाव मागितला तर ताजा मिळतो. रशियन लोक त्यालाच चोर्स्त्वी म्हणतात, आणि त्यांच्याकडे तो शिळा असतो. मुळात अर्थ काय, तर घट्ट, टणक." माझी सून हसता हसता ठसकली होती.

असा एकेक शब्द एकेका कार्डावर. कार्डं सात लाकडी खणांत. त्यातलं प्रत्येक कार्ड मी माझ्या हातानं कापून दिलेलं.

"शेगडीत राख आहे," संचालक म्हणाले. "शेवटी शेवटी त्यांचं डोकं ठिकाणावर नसावं. वय झालं की होतं असं. स्वतःचं काम स्वतःच जाळलं बिचाऱ्यांनी."

"बिचारा कुणाला म्हणता?"

"तसं नाही, अक्का. पण सोमवारी कोशाचं पहिलं पान छापायला जातंय. सातव्या खणाशिवाय कोश अपुरा. संस्थेला तो पुरा करून घ्यावा लागेल. मग कोशकार म्हणून नाव... म्हणजे, जबाबदारी माझी असल्यामुळे, माझं टाकावं लागेल. त्यांचे आभार आम्ही प्रस्तावनेत मानू. ठळक अक्षरांत."

तीस वर्षांचे आभार. ठळक अक्षरांत.

"आणि सोमवारच्या आत कार्डं सापडली तर?"

"तर अर्थातच त्यांचं नाव. पण राखेतून कुठली कार्डं काढणार?"

ते गेल्यावर मी हात धुतले आणि शाल घेतली.

"आई, आत्ता कुठे निघालात?" सून म्हणाली.

"राख बघायला."

२

संस्था आमच्यापासून चार गल्ल्या लांब. दगडी जिना, वर ओल आलेल्या भिंती, आणि टोकाला भावाची शब्दांची खोली. त्या खोलीत कायम जुन्या कागदाचा आणि ओल्या लोकरीचा वास. खिडकीपाशी त्याची खुर्ची. बसायची गादी अजून त्याच्या आकाराची होती. तिकडे मी दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

कोपऱ्यात मुंगी बसली होती. गेली अठरा वर्षं भावाच्या शेजारच्या टेबलावर बसणारी सहायक बाई. तिला सगळी संस्था मुंगी म्हणते, कारण बारीक आहे, बोलत नाही, आणि कधीही बघा, काहीतरी उचलून कुठेतरी नेत असते. आता ती स्वतःही त्या नावाला ओ देते. डोळे सुजले होते तिचे.

"जेवलीस का गं काही?" मी विचारलं.

तिनं मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही. यादी उचलून ती बाहेर गेली.

मी शेगडीपुढे बसले आणि राखेत हात घातला.

माझं सगळं आयुष्य कागदात गेलंय. जाड पुठ्ठा जळला की त्याची खपली राहते, थरावर थर, काळी. ही राख मऊ, करडी, फुंकर मारली तर नाकात जाणारी. पातळ कागदाची. आणि तिच्यात बोटांना काहीतरी टोचलं. टाचणी. मग आणखी एक. शोधून शोधून चौदा निघाल्या, जळून काळ्या पडलेल्या.

भावाच्या खोलीत टाचणीला बंदी होती. टाचणीनं कार्डाला भोक पडतं, गंज लागतो, शेजारच्या कार्डाला डाग जातो. एकदा माझ्या धाकट्यानं चुकून टाचणी लावून कार्डं पाठवली, तर भाऊ दोन रविवार जेवायला आला नव्हता. कार्डं जळली असती तर राखेत एकही टाचणी नसती. काहीतरी जळलं होतं खरं, पण ती कार्डं नव्हेत. टाचण्या मी रुमालात बांधल्या.

मग सातवा खण ओढला. पार रिकामा. फक्त अगदी पुढे, जिथे पहिलं कार्ड असतं तिथे, एक कोरी चिठ्ठी उभी होती.

ही चिठ्ठी म्हणजे त्या खोलीचा कायदा. खणातून कार्ड काढलं, की त्याच्या जागी रंगीत चिठ्ठी उभी करायची आणि तिच्यावर आपल्या नावाचं पहिलं अक्षर लिहायचं. भाऊ तिला रजेचा अर्ज म्हणायचा. "अर्ज ठेवल्याशिवाय कार्ड रजेवर जाणार नाही." तो आणि मुंगी बोलता बोलता, चहा पिता पिता, न बघता चिठ्ठी ठेवायचे. जसं दोरा हातात आला की माझी बोटं आपोआप गाठ मारतात.

या चिठ्ठीवर अक्षर नव्हतं. पण मी बघत होते तिचा रंग.

निळा.

त्या खोलीत वर्षानुवर्षं पिवळ्या चिठ्ठ्या. मागच्या आठवड्यात माझ्याकडचा पिवळा कागद संपला, म्हणून अस्तराच्या उरलेल्या निळ्या कागदाच्या चिठ्ठ्या कापल्या. मंगळवारी दुपारी गठ्ठा बांधून मी स्वतः घेऊन आले. जिना चढले तेव्हा खोलीत माणसं जमली होती. भाऊ खुर्चीत मान टाकून बसलेला. गठ्ठा मी टेबलावर ठेवला आणि त्याचा हात हातात घेतला. हात गार होता.

म्हणजे माझा भाऊ गेला तेव्हा ही निळी चिठ्ठी माझ्या गाठीत बांधलेली होती. सातवा खण कुणीतरी त्यानंतर रिकामा केला.

३

खोल्यांच्या किल्ल्या सांभाळणारा म्हातारा खाली जिन्याखाली बसतो. त्याला आम्ही किल्लीदार म्हणतो. एका कानानं बहिरा, आणि सोयीप्रमाणे दुसऱ्याही.

"मंगळवारी खोलीला कुलूप कधी लावलं?" मी विचारलं.

"तुम्ही भावाला घेऊन गेलात, लगेच."

"उघडलं कधी?"

"अक्का, मी कुणाचं नाव घेत नाही. माझा तो स्वभाव नाही."

"नको घेऊस. कोण आलं तेवढं सांग."

"बुधवारी सकाळी संचालक साहेब आले. पण नाव मी घेत नाही."

"घेतलंस की."

"ते पद झालं, अक्का. नाव कुठे घेतलं?" तो पुढे वाकला. "अर्धा तास आत होते. दार आतून लावलेलं. शेगडीचा धूर जिन्यापर्यंत. मी विचारलं, साहेब, काय झालं? म्हणाले, थंडी वाजते. आता अक्का, अंगात कोट, कोटावर मफलर, आणि थंडी वाजते?"

"जाताना हातात काही?"

"त्यांची कातडी बॅग. ती काय, रोजच असते."

"आणखी कोण?"

"दुपारी मुंगीबाई. तुमच्या भावाचा कोट आणि छत्री न्यायला आल्या. तुमच्याकडेच आणून दिली ना?"

दिली होती. बुधवारी संध्याकाळी दारात उभी राहिली, कोटाची नीट घडी केलेली. आत ये म्हटलं तर आली नाही. खांद्याला मोठी कापडी पिशवी होती, आणि त्या भारानं ती एका बाजूला झुकली होती, हे मला आत्ता आठवलं. तेव्हा मी फक्त कोट बघत होते.

"दोघांशिवाय कुणी?"

"देवाशप्पथ कुणी नाही. किल्ली माझ्या कमरेला."

दोन माणसं. एकजण आतून दार लावून काहीतरी जाळतो, आणि दुसऱ्या दिवशी तीच राख दाखवून माझ्या भावाला वेडा म्हणतो. आणखी काय हवं होतं मला? रुमालातल्या टाचण्या मुठीत धरून मी तशीच संचालकांच्या खोलीत गेले.

४

त्यांच्या खोलीत ओल नव्हती. गालिचा होता.

मी रुमाल टेबलावर सोडला. चौदा टाचण्या काचेवर खुळखुळल्या.

"हे काय, अक्का?"

"तुमची थंडी."

त्यांचा चेहरा खळ वाळावी तसा ताणला गेला. उठून त्यांनी दार लावलं.

"काय जाळलंत?"

"जुने अर्ज होते, टाचलेले. निरुपयोगी."

"कुणाचे?"

"संस्थेचा अंतर्गत मामला आहे हा."

"माझ्या भावाच्या खोलीत शिरून, त्याची चिता विझायच्या आधी जाळलेत. आता तो माझा मामला आहे. बोलताय, की खाली जाऊन किल्लीदाराला तुमचं पद पुन्हा घ्यायला लावू? जिन्यात माणसं बरीच आहेत."

ते खुर्चीत बसले. "मुंगीबाईंचे होते. दरवर्षी एक-दोन द्यायच्या. माझ्या नावे, तुमच्या भावामार्फत. त्यांनी एकही पुढे पाठवला नाही. टेबलातच ठेवले. मला बुधवारी सापडले."

"काय मागत होती ती?"

"मला खरंच सांगता येणार नाही."

"वाचता येतं की तुम्हाला."

ते पेपरवेट फिरवत बसले. एवढा मोठा माणूस खोटं बोलताना इतका लहान दिसतो, हे मला माहीत नव्हतं.

"बरं. कार्डं कुठे आहेत?"

"कार्डं मी घेतली नाहीत! शपथ घेतो. खण रिकामा मला आज सकाळीच दिसला. माझं कपाट उघडा, घर उघडा. राख होतीच, म्हणून मला वाटलं... म्हणजे मी तसं सुचवलं."

"सुचवलंत."

"चूक झाली माझी."

खोटं बोलणारा माणूस खरं बोलला, तर त्याचा आवाज बदलतो. तो बदलला होता. तरी मी एक गोष्ट करून पाहिली.

"साहेब, सातव्या खणात चिठ्ठी होती. ती कशासाठी ठेवतात?"

"कुठली चिठ्ठी? ती रंगीत? खूण असेल काहीतरी. मला त्यातलं कळत नाही. मला कार्ड लागलं तर मी सरळ काढून घेतो. तुमचे भाऊ यावरून माझ्याशी कायम भांडायचे."

खरं होतं. दर रविवारी माझ्या ताटासमोर ते भांडण नव्यानं व्हायचं. हा माणूस चिठ्ठी ठेवत नाही.

चोरी करणारा कशाला चिठ्ठी ठेवेल? लपवायचं असताना रजेचा अर्ज कोण लिहितं? मुद्दाम कुणीच ठेवणार नाही. पण ज्याचा हात वर्षानुवर्षं कार्ड उचलून चिठ्ठी ठेवत आलाय, त्याचा हात डोक्याला विचारत नाही. पहिलं कार्ड काढलं, हातानं चिठ्ठी ठेवली, मग भानावर येऊन बाकीची कार्डं ओंजळीनं उचलली. असे हात त्या खोलीत चारच होते. त्यातले दोन मंगळवारीच गार झाले होते.

५

मुंगीची खोली एका इमारतीच्या मागच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर. एक खाट, एक टेबल, एक खुर्ची, भिंतीला पाठ लावून बूट ठेवायची खोकी. खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत. शुक्रवारची दुपार होती, तरी दिवा लावलेला होता.

"या, अक्का," ती म्हणाली. घाबरली नाही. जणू माझीच वाट बघत होती. "चहा टाकू?"

"आधी खण भर. मग चहा."

ती हळूच खाटेवर बसली. "कसं कळलं?"

"निळ्या चिठ्ठीनं. तुझ्या हाताला चोरी येत नाही."

तिनं स्वतःच्या हाताकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

"लाज नाही वाटली?" मी सुरू झाले. दोन दिवस दाबून ठेवलेलं सगळं तोंडाशी आलं. "अठरा वर्षं त्याच्या सावलीत बसलीस. त्यानं तुला शिकवलं. आजारी पडलीस तेव्हा मी तुला डबा पाठवला. आणि तो गेल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याची जन्माची कमाई पिशवीत भरून नेलीस? त्याचं नाव पुसलं जातंय तिकडे, कळतंय का तुला?"

"कळतंय."

"मग?"

ती उठली. एक खोकं माझ्या मांडीवर ठेवलं. "बघा, अक्का."

"मला काय वाचता येतंय त्यातलं?"

"वाचू नका. बघा."

मी कार्ड उचललं. भावाचं अक्षर, तिरकं, लांब शेपट्यांचं. दुसरं उचललं. तिसरं. सवयीनं मी कार्ड पालथं केलं आणि पाठीवरून बोट फिरवलं, जसा कुठलाही कागद हातात आला की फिरवते.

गुळगुळीत.

माझा भाऊ लहानपणापासून लिहायचा तो टाक खुपसून. शाळेत त्याच्या वह्या फाटायच्या. त्याच्या कार्डाच्या पाठीवर अक्षरांचे उंचवटे येतात. डोळे मिटूनसुद्धा मी सांगेन, हे त्याचं. या खोक्यातल्या एकाही कार्डाच्या पाठीला उंचवटा नव्हता.

"अक्षर त्याचं आहे," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"त्यांनी शिकवून घेतलं माझ्याकडून. त्यांचे हात थरथरायला लागले तेव्हा. कुणाला सांगू नकोस म्हणाले. तुम्हालाही नाही."

रविवारी कप पडायचा त्याच्या हातातून. थंडी आहे, म्हणायचा. उन्हाळ्यातही.

"लिहून घेतलं म्हणजे शब्द त्याचेच की," मी म्हटलं. बुडताना एवढं एकच लाकूड हाताला लागलं होतं, ते मी सोडत नव्हते.

 मुंगीनं खोक्यातून एक कार्ड काढलं. "हा पावाचा शब्द. चेक लोकांचा ताजा, रशियन लोकांचा शिळा. हा मी शोधला. एका परदेशी पाववाल्याला पत्र लिहिलं होतं मी, खात्री करायला. त्याचं उत्तर दोन महिन्यांनी आलं."

माझी सून ज्यावर ठसकली होती, तो शब्द.

"आणि हा. इंग्रजीत नाइट म्हणजे घोड्यावरचा सरदार. जर्मनमध्ये क्नेख्ट म्हणजे गडी, चाकर. मुळात दोघंही एकच. पोरगा, नुसता पोरगा. एकाला घोडा मिळाला, एकाला झाडू." ती हसली. ते हसू बघवलं नाही. "हे कार्ड दाखवलं तेव्हा त्यांना फार आवडलं. रविवारी अक्काला सांगतो, म्हणाले."

सांगितलं होतं. मी अभिमानानं पुठ्ठेवाल्याला जाऊन सांगितलं होतं, बघा माझा भाऊ काय काय शोधतो.

"अर्जात काय मागायचीस?"

"पहिल्या पानावर माझं नाव. त्यांच्या खाली. लहान अक्षरांत चाललं असतं. ते म्हणायचे, लोक विचारतील, तुमचे हात चालत नाहीत का? पुढच्या आवृत्तीत बघू." तिनं ओठ पुसले. "ते होते तोवर मी थांबले. बुधवारी गेले तर टेबलात माझे अर्ज नव्हते. शेगडी ऊन होती. मला कळलं, आता साहेब स्वतःचं नाव टाकणार. मग माझ्याकडे काय राहिलं, अक्का? ही कार्डंच. ती असली तर कोणीतरी कधीतरी मला विचारायला येईल, एवढंच वाटलं."

मी उठले.

"पोलिसांत देणार?"

"माझ्याबरोबर संस्थेत चल," मी म्हटलं. "खोकी घे. मला बाकीचे खण बघायचेत."

६

किल्लीदारानं दार उघडून दिलं आणि तो खाली गेला.

मी खुर्ची ओढली. त्याची नव्हे, मुंगीची. पहिला खण मांडीवर घेतला आणि एकेका कार्डाची पाठ चाचपत गेले. खरखरीत. खरखरीत. तो असा बोटांखाली जिवंत होता की मला मध्येच थांबावं लागलं. दुसरा खणही तसाच. मुंगी भिंतीला टेकून उभी होती.

तिसऱ्या खणाच्या मध्यावर उंचवटे उथळ झाले. अक्षर तेच, पण पाठ बुजत चालली. मग एक कार्ड आलं ज्याच्यावर टाक नुसता घसरला होता, मोठी शाईची रेघ. ते त्यानं फेकलंही नव्हतं. त्याच्यापुढचं कार्ड गुळगुळीत. त्याच्यापुढचं गुळगुळीत. मग चौथा खण, पाचवा, सहावा, सगळे.

घसरलेलं कार्ड करड्या पुठ्ठ्याचं होतं. तो पुठ्ठा मी एकदाच घेतला होता, नवरा गेला त्या वर्षी. म्हणजे अकरा वर्षं. अकरा वर्षं माझा भाऊ या खिडकीत बसून होता आणि त्याच्या नावाचं काम शेजारच्या टेबलावर होत होतं. आणि दर रविवारी तो माझ्या घरी येऊन तिचे शब्द वाढून जायचा. मीही घास घेत होते.

मी कार्डं परत लावली. दोन खण आणि अर्धा, एवढा माझा भाऊ. साडेचार खण मुंगी. मोजायला शाळा लागत नाही.

संचालक धापा टाकत वर आले. भरलेला सातवा खण बघून त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"सापडली! कुठे होती? कुणी नेली होती?" त्यांनी मुंगीकडे पाहिलं, आणि डोळ्यांत काहीतरी चमकलं. "अच्छा. म्हणजे चोर घरातच होता. अक्का, तुम्ही काळजी करू नका. बाईंना आजच कामावरून काढतो. कोशावर तुमच्या भावाचं नाव. एकट्याचं. मी शब्द दिलाय."

हेच मागायला मी गुरुवारी घरातून निघाले होते. हात पुढे केला की मिळत होतं. मुंगीनं मान खाली घातली होती. ती एक अक्षर बोलली नसती, हे मला पक्कं माहीत होतं. अठरा वर्षं बोलली नव्हती.

"चोर सापडला, साहेब," मी म्हटलं. "पण त्याला कामावरून काढता येणार नाही. त्याला मी परवाच निरोप देऊन आले."

"म्हणजे?"

"म्हणजे माझा भाऊ."

मुंगी एकदम पुढे आली. "अक्का, नका. असं बोलू नका त्यांना."

"तू गप. त्याच्याबद्दल काय बोलायचं ते मी बोलेन. त्याला मी कडेवर खेळवलाय." मग संचालकांना सगळं सांगितलं. एकेका खणाची पाठ त्यांच्या बोटाखाली धरली. दोनदा त्यांनी हात मागे घेतला, दोनदा मी पुढे ओढला.

"हे बाहेर गेलं तर संस्थेची बेअब्रू होईल," ते म्हणाले. "आणि तुमच्या भावाचीही."

"होऊ दे. पहिल्या पानावर दोन नावं टाका. दोघंही कोशकार. तुमचं नाव आभारात टाका, ठळक अक्षरांत. नाहीतर त्या चौदा टाचण्या मी ज्याला त्याला दाखवत सुटेन, आणि मला शहरातली सगळी छापखान्याची माणसं ओळखतात."

ते जिना उतरले तेव्हा पावलांचा आवाज फार वेळ येत होता.

"त्यांचं नाव वर राहू दे," मुंगी म्हणाली. ती रडत होती. "मला खालचं पुरे आहे. मी तेवढंच मागितलं होतं."

"मला ठाऊक आहे तू काय मागितलं होतंस. उपकार करू नकोस माझ्यावर. साडेचार खण वर, अडीच खाली."

ती माझ्या गळ्यात पडायला आली. मी पडू दिलं नाही. राग होता माझ्या मनात, तिच्यावरही होता. तिनं कार्डं नेली नसती तर माझा भाऊ माझ्यासाठी होता तसाच राहिला असता. हे मी तिला सांगितलं नाही. डोळे पूस, जिन्यात अंधार आहे, एवढंच म्हणाले.

सोमवारी छापखान्यातून पहिल्या पानाची प्रत बाइंडरीत आली. शाई ओली होती. मुलगे मशीन थांबवून बघायला आले, मी त्यांना कामाला पिटाळलं. पान हातात धरलं. अक्षरं मोठी होती, सरळ होती, मला वाचता आली असती.

"अगं," मी सुनेला हाक मारली, "माझा चष्मा सापडत नाही. वाच जरा."

चष्मा माझ्या नाकावर होता. तिनं तो पाहिला. पान घेऊन उजेडात उभी राहिली, कोशाचं नाव वाचलं, मग वरचं नाव वाचलं, मग थोडं थांबून खालचं.

"बरोबर आहे?" तिनं हळूच विचारलं.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "खालचं परत एकदा वाच."